रिकाम्या जागेची नक्कल : इंदापूर-बारामती भागातील जमीन-दप्तर आणि विरळ फाइलींचा प्रश्न

१. विषयप्रवेश

जुन्या कागदांचा अभ्यास करताना लिहिलेल्या मजकुराची जेवढी छाननी होते, तेवढी कोऱ्या सोडलेल्या जागेची होत नाही. ताळेबंदातील एखादा रकाना रिकामा असला, की अभ्यासक तेथे शून्य मांडतो किंवा ती ओळच गाळून पुढे जातो. या दोन्ही कृतींनी मूळ कागदातील काही माहिती नष्ट होते. हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी एक स्थानिक व एक अगदी आधुनिक, अशी दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवावयाची आहेत. पहिले इंदापूर व बारामती भागातील जमीन-दप्तराचे; दुसरे संगणकावरील ‘विरळ फाइल’ अथवा ‘स्पार्स फाइल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाइलीचे. मोडी कागदांची छायाचित्रे, जमाबंदीचे तक्ते, गावनमुन्यांची संग्रहपत्रे आता आपल्या विभागांतून संगणकावर ठेवली जातात. त्यांच्या राखीव प्रती काढल्या जातात. म्हणून जुन्या दप्तरातील रिकाम्या जागेचा प्रश्न आणि संगणकीय नक्कलेतील रिकाम्या जागेचा प्रश्न हे इतिहासाच्या अभ्यासकापुढे आज एकाच टेबलावर येऊन पडले आहेत.

२. थळझाडा : गेलेल्या कुळांची उरलेली नावे

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा आणि दक्षिणेस नीरा वाहते. नीरा-नरसिंगपूर येथे दोहींचा संगम होतो. पश्चिमेस बारामतीचा मुलूख. तेथे कऱ्हा सोनगावाजवळ नीरेस मिळते. नद्या असूनही हा प्रदेश अवर्षणाचा. नीरेच्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येईपर्यंत येथील शेती बहुतांशी पावसावर अवलंबून होती, आणि पाऊस बेभरवशाचा होता. त्यात हा मुलूख लष्करी वाटांवरचा. १६३०-३२ चा दुष्काळ आणि १८०२ मधील यशवंतराव होळकरांच्या स्वारीनंतर आलेला १८०३-०४ चा दुष्काळ यांसारख्या प्रसंगी गावेच्या गावे उठून गेली. तेव्हा पडीत जमीन ही या भागात अपवादात्मक गोष्ट नसून दप्तराने नित्य हाताळावयाची बाब होती.

ती हाताळण्याची जी पद्धत देशावरील गावांत रूढ होती, ती लक्षात घेण्याजोगी आहे. गावची शेतजमीन ‘थळां’त विभागलेली असे, आणि प्रत्येक थळास ते मुळात धारण करणाऱ्या कुळाचे आडनाव चिकटलेले असे. या थळांच्या यादीस ‘थळझाडा’ म्हणत. कर्नल साइक्स याने १८३० नंतरच्या दशकात दख्खनच्या जमीनधारणेविषयी जे लिहिले, त्यात अशा थळझाड्यांचा विस्ताराने विचार केला आहे. कूळ नामशेष झाले तरी थळाचे नाव टिकून राही, हे त्यात प्रकर्षाने दिसते. अशा जमिनीस ‘गतकुल’ म्हणत. ती कसणारा कोणी नाही, तिच्यापासून वसूल नाही, तरी थळझाड्यात तिचे नाव, तिची जागा व तिचे क्षेत्र कायम. पुढे पाटील व गावकरी मिळून ती नव्या माणसास मिरासपत्र करून देत, तेव्हा याच नोंदीचा आधार घेतला जाई.

गतकुल जमिनीहून निराळी अशी दुसरी रिकामी जमीन असे, ती परागंदा मिरासदाराची. मिरासदार कर्जाने किंवा दुष्काळाने गाव सोडून गेला, तरी त्याचा हक्क लगेच बुडत नसे. मधल्या काळात पाटील ती जमीन एखाद्या उपऱ्यास सालोसाल लावून देई, किंवा कोणी न मिळाल्यास ती पडीत राही. पण मिरासदार परत आला तर तिजवर त्याचा दावा उभा राही. एल्फिन्स्टनच्या काळातील इंग्रज अधिकाऱ्यांना ही गोष्ट प्रथम विस्मयकारक वाटली, याचे कारण हेच, की वसुलाच्या दृष्टीने दोन्ही जमिनी सारख्याच रिकाम्या होत्या.

ह्याच्याही पलीकडे तिसरी स्थिती संभवते. जमीन कसली, पेरली, आकार बसला. पण पीक बुडाले आणि सरकारातून पूर्ण सूट मिळाली. वसुलाच्या रकान्यात येथेही शून्यच येणार.

म्हणजे वसुलाचे शून्य एकच दिसले तरी त्यामागे तीन वेगळ्या वस्तुस्थिती असू शकतात : जेथे धनीच उरला नाही अशी गतकुल जमीन, जेथे धनी दूर आहे पण जागा त्याच्यासाठी राखलेली आहे अशी मिरास, आणि जेथे धनी हजर आहे, कष्ट झालेले आहेत, पण प्राप्ती शून्य आहे असे शेत. थळझाडा, लावणीचा कागद आणि वसूलबाकी हे तीनही कागद एकत्र असतील तरच हा भेद कळतो. एकट्या वसूलबाकीची नक्कल करून ठेवणाराच्या हाती फक्त शून्ये राहतात. त्या शून्यांतून परागंदा मिरासदाराच्या नातवाचा हक्क पुन्हा उभा करता येत नाही.

३. प्रिंगल, गोल्डस्मिड आणि विंगेट

इंग्रजी अमलातील मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा इतिहास सांगताना इंदापूरचे नाव प्रथम घ्यावे लागते. पुणे भागात आर. के. प्रिंगल याने केलेली पाहणी १८३० च्या सुमारास अमलात आली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ठराविक हिस्सा सरकारने घ्यावा, असे तिचे तत्त्व होते. खंडाविषयीच्या तत्कालीन इंग्रज अर्थशास्त्रीय विचाराचा तीवर ठसा होता. आकार बेताबाहेर झाला. धान्याचे भाव पडलेले होते. मापणी व प्रतवारी करणाऱ्या हाताखालच्या नोकरांच्या कामातही पुष्कळ दोष राहिले. परिणामी सूट व बाकी वाढत गेली आणि इंदापुरात जमिनी पडू लागल्या.

१८३५ च्या सुमारास हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड याने इंदापूरच्या स्थितीकडे लक्ष वेधले. त्याच्या जोडीला इंजिनिअर खात्यातील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट आला, आणि १८३६ मध्ये इंदापुरात जी जमाबंदी सुरू झाली तीच पुढे मुंबई इलाख्याच्या पद्धतीचा पाया ठरली. तिची तत्त्वे १८४७ च्या गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालात एकत्र मांडलेली आहेत. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून देऊन मागील वसुलाचा इतिहास, पाऊस, बाजारपेठ यांवरून गावांच्या समूहावरील एकंदर आकार ठरवावयाचा आणि तो मातीच्या सापेक्ष प्रतीनुसार शेतावर वाटून द्यावयाचा, अशी ही रीत होती. मुदत तीस वर्षांची ठेवण्यात आली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या जमाबंदीतील एक साधी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गावातील सर्व जमीन ‘सर्व्हे नंबरां’त विभागली गेली, आणि प्रत्येक नंबरास, मग तो लागवडीखाली असो वा पडीत असो, क्षेत्र, प्रत व आकार हे तिन्ही देण्यात आले. शेतकरी राजीनामा देऊन एखादा नंबर सोडू शके आणि कबुलायत देऊन पडीत नंबर घेऊ शके. नंबर सोडला म्हणून तो पुस्तकातून नाहीसा होत नसे. त्याच्या हद्दीच्या खुणाही राखावयाच्या असत. म्हणूनच पुढे कोणी तो घेऊ म्हणाला, तर नव्याने मापणी न करता त्याच्यावर किती आकार आहे हे तत्काळ सांगता येई. इंदापुरातील पडीत जमीन पुढील वर्षांत झपाट्याने लागवडीखाली आली, याचे प्रमुख श्रेय अर्थातच हलक्या आकाराकडे जाते. तथापि पडीत नंबरांची नोंद शाबूत असणे ही त्या वाढीची एक आवश्यक अट होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या पद्धतीचा वारसा आजच्या गावनमुन्यांत दिसतो. ‘आकारबंद’ हा कागद गावातील प्रत्येक नंबराचे क्षेत्र व आकार सांगतो. ती जमीन यंदा पेरली की नाही याच्याशी त्यास कर्तव्य नसते. ते सांगण्याचे काम सातबाऱ्यातील बाराव्या नमुन्याचे, म्हणजे पीकपाहणीचे. शिवाय एकाच नंबराच्या पोटात ओढा, खडक, रस्ता, विहीर यांनी व्यापलेली जी जागा असते, ती ‘पोटखराब’ म्हणून वेगळी दाखविली जाते. तिचे क्षेत्र नंबराच्या एकूण क्षेत्रात मोजले जाते. तीवर शेतीचा आकार मात्र बसत नाही. एकूण क्षेत्र आणि आकारपात्र क्षेत्र हे दोन आकडे निराळे असणे, आणि दोन्हीही खरे असणे, ही गोष्ट इंदापूर-बारामतीकडील कोणाही शेतकऱ्यास नवी नाही. पुढील विवेचनासाठी हा ‘पोटखराब’ शब्द ध्यानात ठेवावा.

४. विरळ फाइल म्हणजे काय

आता संगणकाकडे वळू. फाइलीचा मजकूर चकतीवर ठराविक मापाच्या ब्लॉकांत साठविलेला असतो. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलीसाठी ‘आयनोड’ नावाची एक नोंद असे. फाइलीची लांबी किती आणि तिचे ब्लॉक चकतीवर कोठे आहेत, हे ती नोंद सांगते. आकारबंदाशी तिचे साम्य उघड आहे.

लिहिणारा कार्यक्रम फाइलीच्या आरंभी थोडा मजकूर लिहून, मधली जागा ओलांडून, एकदम पुष्कळ पुढे जाऊन लिहू शकतो. अशा वेळी मधल्या जागेसाठी ब्लॉक खर्ची घालण्याचे कारण नसते. आयनोडमध्ये त्या जागेचा पत्ता म्हणून शून्य लिहिले जाई, आणि त्याचा अर्थ ‘येथे ब्लॉक दिलेला नाही’ असा होई. कोणी ती जागा वाचावयास गेला, तर प्रणाली त्याच्या हाती शून्ये देई. या न दिलेल्या जागेस ‘होल’ म्हणजे छिद्र म्हणतात, आणि अशी छिद्रे असलेली फाइल ती विरळ फाइल. ब्लॉकांची नोंद ठेवण्याच्या रीती पुढे पुष्कळ बदलल्या, पण छिद्राची कल्पना कायम राहिली. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत ही सोय विंडोज २००० पासून आहे. ॲपलच्या एपीएफएस रचनेतही ती आहे. पेनड्राइव्हवर सर्रास आढळणाऱ्या फॅट व एक्सफॅट या रचनांत मात्र ती नाही.

यामुळे विरळ फाइलीस दोन मापे असतात : एक तिची घोषित लांबी, आणि दुसरे तिने चकतीवर प्रत्यक्ष व्यापलेली जागा. समजा, विभागातील जुन्या संगणकाची प्रतिमा म्हणून ठेवलेली फाइल १०० गिगाबाइट लांबीची आहे, पण तिच्यातील मजकूर ६ गिगाबाइटच आहे. ‘एलएस’ ही आज्ञा लांबी म्हणून १०० सांगेल, ‘डीयू’ ही आज्ञा व्यापलेली जागा म्हणून ६ सांगेल. बाकीचे ९४ हे त्या फाइलीचे पोटखराब होय.

थळझाड्यातील तीन शून्यांचे प्रतिरूपही येथे सापडते. छिद्र, म्हणजे जेथे ब्लॉकच नाही, ते गतकुल. दुसरा प्रकार राखीव जागेचा : एखादा विदागार पुढे लागेल म्हणून प्रणालीकडून जागा आधीच मागून ठेवतो, ब्लॉक त्याच्या नावे पडतात, पण त्यांत अजून काही लिहिलेले नसते. ही परागंदा मिरास. तिसरा प्रकार प्रत्यक्ष लिहिलेल्या शून्यांचा : कार्यक्रमाने विचारपूर्वक शून्ये लिहिली, ब्लॉक खर्ची पडले, मजकूर शून्याचाच. हे पूर्ण सुटीचे शेत. वाचणारास तिन्ही ठिकाणी शून्येच दिसतात.

५. नक्कलकाराचे दोन दोष

या स्थितीत नक्कल करणाराच्या हातून दोन परस्परविरुद्ध दोष घडतात.

पहिला दोष छिद्रे भरून टाकण्याचा. साधा नक्कल-कार्यक्रम मूळ फाइल आरंभापासून अखेरपर्यंत वाचतो आणि जे वाचले ते लिहितो. छिद्राच्या जागी त्याने शून्ये वाचली, म्हणून त्याने नक्कलेत शून्ये लिहिली, आणि वरील उदाहरणातील ६ गिगाबाइटची वस्तू १०० गिगाबाइट व्यापून बसली. राखीव प्रतीची चकती मधेच भरते आणि काम अर्धवट राहते. ‘टार’ या संग्रह-कार्यक्रमास विरळपणाचा पर्याय दिला नाही, तर तोही हेच करतो. येथे एक फसगत विशेष संभवते. संग्रह संक्षेपित केला असेल, तर शून्यांच्या लांबच लांब रांगा फार थोड्या जागेत मावतात व संग्रह लहानच दिसतो. परंतु तो उलगडताच फाइल पूर्ण लांबी व्यापते. प्रत काढताना जे लक्षात आले नाही, ते नेमके संकटाच्या वेळी, म्हणजे प्रत परत बसविताना, लक्षात येते. म्हणून विरळ फाइलींसाठी ‘टार’ला व ‘आरसिंक’ला त्यांचा ‘स्पार्स’ पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. ‘टार’ त्यामुळे मजकुराचे तुकडे आणि त्यांच्या जागांचा नकाशा असे दोन्ही संग्रहात ठेवतो. हा नकाशा म्हणजे त्या फाइलीचा थळझाडाच.

दुसरा दोष याच्या उलट, म्हणजे नसलेली छिद्रे पाडण्याचा. ग्नू संचातील ‘सीपी’ आज्ञेस विरळपणाबाबत ‘ऑटो’, ‘ऑल्वेज’ व ‘नेव्हर’ असे तीन पर्याय आहेत. ‘ऑल्वेज’ दिल्यास शून्यांची पुरेशी लांब रांग दिसेल तेथे नक्कलेत छिद्र केले जाते, मग मुळात ती शून्ये मुद्दाम लिहिलेली असोत वा ती जागा राखून ठेवलेली असो. मजकूर वाचून ताडून पाहिला तर नक्कल बिनचूक ठरते. पण राखलेली जागा गेलेली असते. विदागाराने ज्या भरवशावर ती मागून घेतली होती तो भरवसा नक्कलेत राहत नाही, आणि ऐन वेळी लिहावयास गेले असता चकतीवर जागा नाही असे उत्तर मिळू शकते. मिरास जमीन गतकुलात ढकलल्यासारखाच हा प्रकार आहे.

याखेरीज शेवटच्या छिद्राचा एक लहानसा पण उपद्रवी प्रश्न आहे. फाइलीच्या अखेरीस छिद्र असेल आणि नक्कलकार केवळ मजकुराचे तुकडे लिहून थांबला, तर नक्कल आखूड होते. कारण शेवटच्या तुकड्यापुढे किती जागा होती हे कोणी लिहिलेच नाही. त्यासाठी नक्कलेच्या शेवटी लांबी स्वतंत्रपणे ठरवून द्यावी लागते. मोडी पत्रांचा परिचय असणाऱ्यास ‘लेखनसीमा’ ह्या अखेरच्या शिक्क्याची येथे आठवण होईल. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही जोडले तर ते मूळचे नव्हे, एवढेच तो शिक्का सांगतो. कागदाची सीमा ही स्वतंत्रपणे नोंदविण्याची गोष्ट आहे, हे पत्र लिहिणाऱ्या कारकुनास पक्के ठाऊक होते.

६. रिकामे आहे असे कोणी सांगितले?

मोठी फाइल अक्षर न् अक्षर वाचून शून्ये शोधणे वेळखाऊ असते. म्हणून छिद्र कोठे व मजकूर कोठे, हे प्रणालीलाच विचारण्याची सोय प्रथम सोलारिसमध्ये आली. लिनक्समध्ये ती २०११ साली ३.१ या आवृत्तीत आली. ग्नू संचाच्या २०२१ मधील ९.० या आवृत्तीपासून ‘सीपी’ आज्ञा या सोयीचा उपयोग करू लागली. प्रणालीने ‘येथे छिद्र आहे’ असे सांगितले, की नक्कलकार ती जागा न वाचताच पुढे जातो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ओपन-झेडएफएस या साठवण-रचनेत एक दोष उघडकीस आला. नुकताच लिहिलेला, पण चकतीवर अद्याप न उतरलेला मजकूर असलेल्या जागेविषयी ही रचना विशिष्ट परिस्थितीत ‘छिद्र आहे’ असे उत्तर देत असे. त्याच क्षणी नक्कल घेतली, तर मजकुराच्या जागी शून्ये येत. कोणताही इशारा मिळत नसे, लांबी बरोबर असे, मूळ फाइलही सुरक्षित असे. बिघडलेली असे ती फक्त नक्कल. त्या महिन्याच्या अखेरीस निघालेल्या २.२.२ व २.१.१४ या आवृत्त्यांत तो दोष दुरुस्त करण्यात आला. असा प्रसंग विरळ होता. तरी त्याचे स्वरूप बोधप्रद आहे. नक्कलकाराने जागा स्वतः न पाहता दुसऱ्याच्या सांगण्यावर ती रिकामी मानली होती.

जमाबंदीच्या इतिहासात हा प्रश्न फार जुना आहे. एखादे शेत पडीत आहे असे हुजुरास कळविणारा मनुष्य म्हणजे गावचा कुलकर्णी. पडीत म्हणून दाखविलेल्या शेतात चोरून पीक काढणे, आणि त्या लागवडीत पाटील-कुलकर्ण्यांचा हात असणे, ही तक्रार मराठी अमलातील व इंग्रजी अमलातील अशा दोन्ही कागदांत वारंवार आढळते. उलट कधी कधी नोंद जुनी आणि शेत नवे एवढाच अपराध असे : हंगामाच्या आरंभी ‘पड’ लिहिले, मागून पेरणी झाली, आणि ताळेबंद मात्र आधीच्या नोंदीवरून उतरला. २०२३ मधील दोष हा या दुसऱ्या जातीचा होय. यावर तेव्हा जो उपाय योजला जाई, तो ‘पाहणी’ : शिवारात माणूस पाठवून शेत डोळ्यांनी पाहणे. नक्कलेच्या बाबतीतही अखेरचा उपाय तोच आहे. मूळ व प्रत दोन्ही अथपासून इतिपर्यंत वाचून त्यांची पडताळणी-संख्या ताडून पाहावी. आणि ती ताडणी मूळ फाइलीचे लेखन पूर्ण होऊन ती स्थिर झाल्यावर करावी.

रिकामेपण हे कालसापेक्षही असते, याचे उदाहरण इंदापूरकरांच्या नित्य परिचयाचे आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि तालुक्याच्या उत्तरेकडील गावांच्या जमिनी जलाशयाखाली गेल्या. जुन्या पळसदेवचे पळसनाथ मंदिर पाणी फार उतरले म्हणजे पुन्हा दिसू लागते. उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत ‘गाळपेर’ होते. जी जागा एका वेळी बुडीत म्हणून शेतीच्या हिशेबातून वगळली जाते, तीच दुसऱ्या वेळी पिकाखाली असते. तेव्हा ‘रिकामे’ ह्या नोंदीपुढे ती कोणत्या दिवशी घेतली, हे लिहिलेले असणे आवश्यक ठरते.

७. सुपे, १८७५ : नष्ट झालेल्याची पोकळी

वर सांगितलेल्या तिन्ही रिकामेपणांहून निराळे असे चौथे एक रिकामेपण आहे, आणि त्याचे उदाहरण बारामती भागातच मिळते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. त्यानंतर पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत असे प्रकार घडले. या दंग्यांचा रोख मुख्यतः खते, रोखे व हुकूमनामे यांवर होता, हे चौकशी आयोगाने नमूद केले आहे. कर्जाचा पुरावा ज्या कागदावर होता तो कागद एकच होता. आणि तो सावकारापाशीच होता. ऋणकोपाशी त्याची प्रत नव्हती. तो जाळल्यावर जी पोकळी राहिली ती ‘कधीच काही नव्हते’ अशी पोकळी नव्हती. ‘होते, पण आता सांगता येत नाही’ अशी होती.

१८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने शेतकऱ्यांच्या दस्तऐवजांसाठी ग्रामनोंदणीची व्यवस्था केली. तसेच पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोस दिला. या कायद्याच्या इतर परिणामांविषयी मतभेद असले, तरी एका गोष्टीत त्याचे निदान अचूक होते. एकाच पक्षाच्या पेटीतील एकमेव कागद हा पुरावा म्हणून दुबळा असतो. तो जुलमाचे साधन होऊ शकतो आणि जुलमाविरुद्धच्या आगीत नाहीसाही होऊ शकतो. दुसरी प्रत दुसऱ्या हाती असणे, हे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे.

संगणकीय नक्कलेत या चौथ्या रिकामेपणाचा गोंधळ फार सहज होतो. चकतीचा काही भाग खराब होऊन वाचता येईनासा झाला, की नक्कल करणारा कार्यक्रम तेथे अडतो. ‘डीडी’ ह्या आज्ञेस चुकांवरून पुढे जाण्याचे व जागा भरून काढण्याचे पर्याय दिल्यास ती न वाचता आलेल्या जागी शून्ये भरून पुढे जाते. नक्कल पूर्ण होते. पण तिच्यातील कोणती शून्ये मूळची आणि कोणती नाशाची, हे नक्कलेवरून कळण्याचा मार्ग उरत नाही. त्यावर पुढे कोणी ‘ऑल्वेज’ पर्यायाने पुन्हा नक्कल केली, तर नाशाची जागा छिद्र म्हणून प्रतिष्ठित होते : जळालेला रोखा गतकुल जमीन बनतो. ‘डीडी-रेस्क्यू’ हा कार्यक्रम यासाठी वेगळी नकाशा-फाइल ठेवतो आणि कोणती जागा वाचली, कोणती वाचता आली नाही, हे तीत नोंदवितो. खराब चकतीची प्रत काढताना ही नकाशा-फाइल प्रतीइतकीच जपून ठेवली पाहिजे.

८. उपसंहार

या विवेचनातून संशोधकाच्या व्यवहारासाठी काही नियम निघतात, ते थोडक्यात मांडतो.

मोडी कागदाची नक्कल करताना कोरी जागा, फाटलेली जागा, न लागलेली अक्षरे आणि नक्कलकाराने गाळलेला मजकूर यांसाठी चार निरनिराळ्या खुणा वापराव्यात. सर्वांसाठी एकच टिंबांची ओळ देण्याची रूढी सोडावी. रुमालातील कोऱ्या पानांचीही छायाचित्रे घ्यावीत. ती गाळली की पुढील पानांचा क्रम व कागदाचा जोड समजत नाही. ताळेबंदाचे संगणकीय तक्ते करताना ‘शून्य’, ‘नोंद नाही’ आणि ‘कागद उपलब्ध नाही’ ही तीन मूल्ये वेगळी ठेवावीत. एखाद्या गावच्या पंचवीस सालांच्या वसुलाची सरासरी काढताना गहाळ साल शून्य धरले, तर समृद्ध गावही दरिद्री ठरेल; आणि खरोखर उजाड पडलेले साल गहाळ धरले, तर दुष्काळच इतिहासातून पुसला जाईल.

मोठ्या फाइलींच्या राखीव प्रती काढताना आधी घोषित लांबी व व्यापलेली जागा ही दोन्ही मापे पाहावीत. ती भिन्न असतील तर विरळपणा राखणारा पर्याय द्यावा, आणि छिद्रे ठेवू शकणाऱ्या रचनेच्या चकतीवरच प्रत घ्यावी. प्रत झाल्यावर पडताळणी-संख्या व व्यापलेली जागा दोन्ही ताडावीत. कारण पहिली मजकुराची ग्वाही देते, विरळपणाची देत नाही. वर्षातून एकदा तरी एखादी प्रत प्रत्यक्ष परत बसवून पाहावी. नकाशा-फाइल, तारीख आणि वापरलेले पर्याय यांची टीप प्रतीसोबतच ठेवावी, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी.

इंदापूरच्या थळझाड्यात कूळ गेल्यावरही कुळाचे नाव राहिले. १८३६ च्या जमाबंदीत शेत पडल्यावरही नंबर राहिला. ह्या दोन कागदांच्या आधारेच आज आपण त्या मुलखातील ओसाडीचा आणि पुनर्वसनाचा इतिहास लिहू शकतो. आपण ज्या प्रती काढून पुढील अभ्यासकांच्या हाती देणार आहोत, त्यांतही मूळची रिकामी जागा, राखलेली जागा आणि नष्ट झालेली जागा त्यांना एकमेकींपासून ओळखता आली पाहिजे.